जन्मतारीख हे गुपित नव्हे

कस्टमर केअरला फोन लावला की पलीकडून ठरलेली प्रश्नावली सुरू होते. पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख? नोंदवलेला पत्ता? कार्डाचे शेवटचे चार आकडे? चारही उत्तरं जुळली की ‘धन्यवाद, तुमची ओळख पटली’ म्हणून समोरचा माणूस कामाला लागतो. पण पटलं काय? एवढंच, की फोन करणाऱ्याला या चार गोष्टी ठाऊक आहेत. नाव दारावरच्या पाटीवर असतं. जन्मतारीख दरवर्षी शुभेच्छा देणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. पत्ता घरी आलेल्या प्रत्येक खोक्यावर चिकटवलेला असतो. आणि शेवटचे चार आकडे तर पावतीवर मुद्दाम उघडे ठेवतात, बाकीचे झाकून.

ओळख चोरीला जाण्याच्या बहुतेक प्रकरणांचं मूळ माझ्या मते या एका गोंधळात आहे. माणूस कोण आहे हे सांगणारी माहिती वेगळी, आणि तो तोच आहे हे पटवणारी गोष्ट वेगळी. पहिलीला नाव म्हणू, दुसरीला किल्ली. नाव चारचौघांत घेण्यासाठीच असतं. किल्लीला मात्र तीन अटी लागतात: ती दुसऱ्याकडे नसावी, हरवली तर बदलता यावी, आणि एका कुलपाची दुसऱ्याला लागू नये. जन्मतारीख तिन्ही परीक्षांत नापास होते. शेकडो लोकांना ती माहीत असते, उभ्या जन्मात ती बदलत नाही आणि प्रत्येक फॉर्मवर तीच लिहावी लागते. जन्मतारीख हे नाव आहे. आपण तिला किल्लीचं काम देऊन ठेवलंय.

ही सवय जुनी आहे. १९०६ साली अमेरिकन बँकर्स असोसिएशनच्या एका सभेत बाल्टिमोरच्या बँकरने आपल्याकडची पद्धत सांगितली होती. खातं उघडताना सहीच्या कार्डावर जन्मस्थळ, व्यवसाय, वय आणि आईचं माहेरचं नाव लिहून घ्यायचं, म्हणजे सहीबद्दल शंका आली तर हाताशी काहीतरी राहतं. त्या काळी ते चालून जायचं, कारण कार्ड बँकेच्या कपाटात बंद असायचं आणि विचारणा होताना माणूस काउंटरवर समोर उभा असायचा. कपाट गेलं, काउंटर गेलं. प्रश्न मात्र तेच राहिले.

२००८ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूवरचं मेल खातं एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने उघडलं. त्यासाठी त्याला एकही यंत्र फोडावं लागलं नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर टिचकी मारल्यावर जन्मतारीख, पिनकोड आणि ‘नवऱ्याशी ओळख कुठे झाली’ एवढंच विचारलं गेलं. तिन्ही उत्तरं इंटरनेटवर शोधून मिळाली. शेवटचं उत्तर त्यांच्या शाळेचं नाव होतं. पुढे २०१५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी आपल्याकडची अशी कोट्यवधी उत्तरं तपासली. ‘आवडता पदार्थ कोणता’ याचं इंग्रजी बोलणाऱ्यांचं उत्तर पहिल्याच प्रयत्नात बरोबर ओळखण्याची शक्यता १९.७ टक्के निघाली. उलट अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांना गरज पडली तेव्हा स्वतःचंच उत्तर आठवेना. म्हणजे चोराला दार उघडं आणि मालक बाहेर, असं हे कुलूप.

असे प्रश्न विचारणाऱ्या जागा अजून भरपूर आहेत, आणि प्रश्न टाळता येत नाही. मग खरं उत्तर द्यायचं नाही. आईचं माहेरचं नाव विचारलं तर तिथे ‘कंदील निवडुंग पाटा’ असे कुठलेही तीन असंबद्ध शब्द टाकायचे आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या अॅपमध्ये, त्या खात्याच्या नोंदीखाली लिहून ठेवायचे. प्रत्येक ठिकाणी वेगळे शब्द. काही जण इथे अतिउत्साहाने ‘क्ष७ट९’ छापाची वीस अक्षरं ठोकून देतात. ते करू नये. हे उत्तर पुढे फोनवर माणसाला सांगायची वेळ येते. चोराने ‘अहो, मी काहीतरी वेडीवाकडी अक्षरं टाकली होती बघा’ असं म्हटलं, की स्क्रीनवर तसंच दिसत असल्यामुळे पलीकडचा कंटाळलेला माणूस ‘हो, बरोबर’ म्हणून मोकळा होतो. उच्चारता येणारे शब्द असले की ते उच्चारावेच लागतात.

नाव आणि किल्लीची अदलाबदल किती महागात पडते याचा धडा म्हणून मी नेहमी ऑगस्ट २०१२ मधलं मॅट होनान या अमेरिकन पत्रकाराचं प्रकरण सांगते. त्याने ते स्वतःच सविस्तर लिहिलंय. हल्लेखोरांना त्याचं तीन अक्षरी ट्विटर हँडल हवं होतं. त्यांनी आधी अॅमेझॉनला फोन केला आणि त्याच्या नावाने एक नवं कार्ड खात्यात जोडून घेतलं. खात्यात भर घालायला कोण कशाला हरकत घेईल? मग फोन ठेवून पुन्हा लावला: खात्यात शिरता येत नाही, नवा ईमेल जोडून द्या. पडताळणीसाठी कार्ड नंबर विचारला गेला, तेव्हा त्यांनी मघाशी स्वतःच जोडलेल्या कार्डाचा नंबर सांगितला. नव्या ईमेलवर पासवर्ड बदलून आत गेल्यावर त्याच्या खऱ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे समोर दिसले. तिसरा फोन अॅपलला. तिथे बिलिंगचा पत्ता आणि तेच चार आकडे हा ओळखीचा पुरावा धरला जात होता. तात्पुरता पासवर्ड हातात आला. त्यानंतर तासाभरात फोन, आयपॅड आणि लॅपटॉप दुरून पुसले गेले, जीमेल खातं उडवलं गेलं आणि ट्विटर त्यांच्या ताब्यात आलं.

एका कंपनीच्या दृष्टीने हे चार आकडे इतके निरुपद्रवी होते की ते पडद्यावर दाखवायला हरकत नव्हती. दुसरीच्या दृष्टीने ते इतके गुप्त होते की त्यांवर खातं हवाली करता येत होतं. दोघींनीही आपापला नियम पाळला. हे कळलं की ‘माझी माहिती कुठे फुटली’ हा प्रश्न जरा मागे पडतो आणि दुसरा पुढे येतो: माझ्या कुठल्या खात्याचं दार कुठल्या दुसऱ्या खात्यातून उघडतं?

बहुतेकांच्या बाबतीत सगळी दारं मेलबॉक्समध्येच उघडतात. बाकी प्रत्येक खात्याचा पासवर्ड ‘विसरलो’ म्हटलं की नवा तिथेच येतो. म्हणजे मेल ही नुसती एक किल्ली नाही, अख्खा जुडगा आहे. म्हणून सुरुवात तिथून. मेलचा पासवर्ड इतर कुठेही न वापरलेला हवा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन पर्यायी ईमेल आणि पर्यायी मोबाइल नंबर कोणते दिलेत ते डोळ्यांनी बघायचं. तिथे हमखास सोडून दिलेल्या नोकरीचा पत्ता किंवा कधीच बंद झालेला नंबर सापडतो. सोडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते. ईमेल पत्त्यांच्या बाबतीतही हे घडलंय: २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेले आयडी नव्या लोकांना वाटायला काढले होते. जुना नंबर सोडण्याआधी तो जिथे जिथे दिलाय तिथून काढायचा, नंतर नाही. नंतर काढायला गेलं की पडताळणीचा कोड त्याच जुन्या नंबरावर जातो.

आणि मेलमध्ये कुणी शिरलंच, तर पासवर्ड बदलून निश्चिंत होऊ नये. शिरलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत आपली परतीची सोय करून ठेवतो. दुरुस्तीला क्रम आहे. दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावर बसायचं. कारण मूळ लॅपटॉपमध्येच चोरटं सॉफ्टवेअर असेल तर नवा पासवर्डही लगेच तिकडे पोचतो. पासवर्ड बदलायचा. मग ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’. हे विसरलं जातं, आणि इथेच घोळ होतो: एकदा लॉगिन झालं की ब्राउझर एक कुकी, म्हणजे ‘हा आधीच आत आलाय’ अशी चिठ्ठी, जपून ठेवतो, आणि ती कुकी चोरणाऱ्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. मग पर्यायी नंबर आणि ईमेल तपासायचे. मग फॉरवर्डिंग, म्हणजे आपली मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जातेय का ते. मग फिल्टर किंवा नियम. मग ‘जोडलेली अॅप्स’ आणि अॅप पासवर्ड. यातला नियमांचा कोपरा सगळ्यात दुर्लक्षित. ‘पासवर्ड’, ‘इन्व्हॉइस’, ‘पेमेंट’ असे शब्द असलेली प्रत्येक मेल वाचलेली म्हणून खूण कर आणि कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाक, असा एक नियम करून ठेवला की मालक महिनोन्‌महिने त्याच मेलबॉक्सवर काम करतो आणि आयत्या बिळातला नागोबा आत सुखाने नांदतो.

पासवर्डबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी मोजकंच लिहिते. साइटवर पासवर्ड तसाच साठवायचा नसतो. त्याचा हॅश, म्हणजे उलटा न फिरणारा भुगा, साठवायचा असतो. काही जण तेवढंही करत नाहीत. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीतून तीन कोटींहून जास्त पासवर्ड फुटले ते जसेच्या तसे, वाचता येतील असे. हॅश फुटले तर चोर अंदाज करतो, त्याचा भुगा करतो आणि जुळतो का बघतो. जलद हॅशवर, भारी यंत्रसामग्री असेल तर, सेकंदाला एक लाख कोटी अंदाज धरू. कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांतून यंत्राने निवडलेली आठ अक्षरं अशा वेगाने दोन तासांच्या आत संपतात. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेले सहा शब्द घेतले, तर त्याच वेगाने सरासरी साडेतीन हजार वर्षं लागतात. ७,७७६ हा आकडा विचित्र वाटतो. तो पाच फाशांच्या सगळ्या पडींचा आहे, सहाचा पाचवा घात. अट एकच: शब्द फाशांनी निवडायचे, आपल्या मनाने नाही. आपलं मन सहा शब्द निवडायला बसलं की गाण्याची ओळच लिहून मोकळं होतं.

असे सहा शब्द पाठ करायचे ते फक्त दोनदा: पासवर्ड मॅनेजरसाठी आणि मेलसाठी. उरलेले पासवर्ड मॅनेजरला बनवू द्यायचे. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला, या छळाचा उगम अमेरिकेत तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या निस्ट या सरकारी संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेत आहे. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षी निस्टने दोन्ही अटी काढल्या. लोक शेवटचा १ बदलून २ करत होते, एवढंच त्यातून साधलं. तरीही कितीतरी कार्यालयांत तो नियम अजून चालू आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीत पुन्हा तोच गोंधळ नव्या वेषात येतो. मोबाइल नंबर हे नाव आहे. आपण तो कार्डावर छापून वाटतो. एसएमएसवरचा ओटीपी त्याला किल्ली करतो, आणि ती किल्ली खरी तर कंपनीच्या हातात असते. आपलं सिम हरवलंय अशी बतावणी करून कुणी नवं सिम काढून घेतलं की ओटीपी तिकडे जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या खात्यावरून भलतेसलते ट्वीट झाले ते त्यांचा नंबर असाच पळवला गेल्यामुळे. खूण ओळखायला सोपी आहे: शेजारी बसलेल्या, त्याच कंपनीचं सिम असलेल्या माणसाला रेंज आहे आणि आपल्या फोनवर अचानक काहीच नाही. रेंज परत यायची वाट बघत बसू नये. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला फोन करून नंबर गोठवायला सांगायचं आणि लगोलग बँकेला कळवायचं.

ऑथेंटिकेटर अॅप यापेक्षा बरं. त्यात एक गुप्त आकडा फोनमध्ये असतो, तोच साइटकडे असतो, आणि दोघं घड्याळ पाहून दर तीस सेकंदांनी त्यातून सहा अंकी कोड काढतात. नेटवर्क लागत नाही. घड्याळ दोन-चार मिनिटं चुकलं असेल तर मात्र बरोबर कोडही नाकारला जातो. फोनची वेळ ‘आपोआप’वर ठेवली की हे भूत उतरतं. सुरुवातीला स्कॅन करतो तो क्यूआर म्हणजेच तो गुप्त आकडा. लोक ‘असू दे हाताशी’ म्हणून त्याचा स्क्रीनशॉट काढतात, तो गॅलरीतून क्लाउडवर चढतो आणि किल्लीची प्रत मेलबॉक्सच्याच शेजारी जाऊन बसते. त्याऐवजी साइट देते ते आठ-दहा रिकव्हरी कोड कागदावर छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावेत आणि वापरलेला कोड पेनाने खोडावा. फोन हरवतो त्या दिवशी त्या कागदाची किंमत कळते.

पण खोट्या साइटवर आपण स्वतःच सहा आकडे टाइप केले तर अॅप काय करणार? मधला चोर ते तीस सेकंदांच्या आत खऱ्या साइटवर टाकतो. इथे पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात राहणारी डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीची सुरक्षा-किल्ली कामाला येते, कारण ती साइटच्या पत्त्याला बांधलेली असते. पत्ता एका अक्षराने वेगळा असेल तर ती लॉगिनला उत्तरच देत नाही. पासवर्ड मॅनेजरही हेच काम थोडंफार करतो: खोट्या पत्त्यावर तो पासवर्ड भरत नाही. नेमक्या त्या क्षणी माणूस वैतागतो, ‘आज हे चालत नाहीये’ म्हणत मॅनेजर उघडतो, पासवर्ड कॉपी करतो आणि हाताने चिकटवतो. मॅनेजर गप्प बसला म्हणजे तो बिघडला असं नाही. त्याने इशारा दिलेला असतो.

बोटांच्या ठशांवर लोकांचा भाबडा विश्वास असतो. ठसा हे सुद्धा नावच आहे, तेही दिवसभर पेल्यांवर आणि दारांवर उमटवत फिरण्याचं. २०१४ मध्ये जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेच्या एका संशोधकाने तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन देर लायेन यांच्या अंगठ्याचा ठसा पत्रकार परिषदेतल्या फोटोंवरून तयार करून दाखवला. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. त्यांना आता नवे अंगठे कुठून आणायचे? फोन उघडायला ठसा चांगला, कारण तिथे तो फोन हातात असणं ही खरी किल्ली असते. दूरच्या सर्व्हरवर साठवलेला ठसा मात्र मला नको वाटतो.

कागदाकडे येऊ. ओळखपत्राची झेरॉक्स मागणाऱ्या जागा उदंड झाल्यात, आणि दिलेली झेरॉक्स परत कधी येत नाही. निदान तिचा दुसरा उपयोग होऊ नये एवढं करता येतं. प्रतीवर आडवं, ठळक, थेट मजकुरावरून आणि फोटोच्या कडेवरून लिहायचं: कुणाला दिली, कशासाठी, कुठल्या तारखेला. समासात लिहिलं तर कात्रीने कापून जातं. मागची बाजू मागितली नसेल तर द्यायची नाही. पासपोर्टच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते. लोक वरचा नंबर काळ्या पट्टीने झाकतात आणि तळाच्या त्या बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी तशाच ठेवतात. त्या यंत्राने वाचायच्या ओळी आहेत, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, आणि दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत सगळं पुन्हा छापलेलं असतं. गंमत पुढे आहे. पासपोर्टातल्या चिपला कुलूप घातलेलं असतं, आणि त्या कुलपाची मूळ पद्धतीतली किल्ली याच तीन गोष्टींपासून बनते. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीच्या दारावरच छापलेली. सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर पासपोर्ट उघडा ठेवायचाच असतो, म्हणून तिथे ते योग्यच आहे. पण त्याच पानाचा फोटो कुणाला पाठवताना हे लक्षात ठेवावं.

बोर्डिंग पासचं तसंच. आडनाव आणि सहा अक्षरी बुकिंग क्रमांक एवढ्यावर कितीतरी विमान कंपन्यांच्या साइटवर अख्खं बुकिंग उघडतं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अॅबट यांनी २०२० मध्ये आपल्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. एका उत्सुक माणसाने त्या क्रमांकावरून लॉगिन करून पानाच्या कोडमधून त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर शोधला, आणि रीतसर कळवलाही. क्रमांक झाकला तरी बारकोडमध्ये तो असतोच.

झाकण्याचीही एक कला आहे आणि ती भल्याभल्यांना जमत नाही. जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी अमेरिकी कोर्टात दिलेल्या पीडीएफमध्ये गुप्त परिच्छेदांवर काळ्या पट्ट्या होत्या. पत्रकारांनी पट्टीखालचा मजकूर सिलेक्ट केला, कॉपी केला, दुसरीकडे पेस्ट केला. सगळं वाचता आलं. पीडीएफमध्ये पट्टी हे नुसतं वर ठेवलेलं चित्र असतं, अक्षरं खाली शाबूत राहतात. खात्रीचा आणि कंटाळवाणा मार्ग असा: मजकूर खरोखर खोडायचा, किंवा पान छापून, मार्करने नव्हे तर कात्रीने तो भाग कापून, पुन्हा स्कॅन करायचं. मार्करखालची शाई स्कॅनरचा ब्राइटनेस वाढवला की डोकावते. अंधूक करण्याचा फिल्टरही आकड्यांसाठी वापरू नये. शून्य ते नऊ अशा दहाच शक्यता असतात, प्रत्येक आकडा तसाच अंधूक करून ताडून बघता येतो.

टाकून द्यायच्या कागदांसाठी श्रेडर, म्हणजे कागदाचे तुकडे करणारं यंत्र, घेताना डब्यावरचा ‘पी’ आकडा बघावा. ती डीआयएन ६६३९९ या जर्मन मानकाची श्रेणी आहे. पी-२ म्हणजे सहा मिलिमीटरपर्यंतच्या लांब पट्ट्या: ए-फोर पानाच्या जेमतेम पस्तीस. पी-४ म्हणजे जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचे तुकडे: त्याच पानाचे निदान तीनशे नव्वद. पी-५ ला तीस चौरस मिलिमीटर, म्हणजे दोन हजारांवर. पट्ट्या जुळवता येतात. १९७९ मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत सापडलेल्या पट्ट्या हाताने जोडून इराणने ती कागदपत्रं छापून काढली. घरासाठी पी-४ पुरतो. पट्टीवालाच असेल तर पान आडवं घालू नये. ओळी पात्यांना समांतर गेल्या की एकेका पट्टीवर अख्खी ओळ वाचता येते.

धंद्यात हे सगळं एका जागी येऊन साचतं: देणी चुकती करणाऱ्या माणसाच्या टेबलावर. ओळखीच्या पुरवठादाराची मेल येते. जुनाच धागा, खाली मागची पत्रं, तीच सही, तोच लोगो. फक्त एक वाक्य नवं: आमचं बँक खातं बदललंय, या बिलाची रक्कम सोबतच्या खात्यात भरावी. पत्ता बारकाईने पाहिला तर रोमन ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसलेले असतात. आणि कधी तेही नसतं, कारण पुरवठादाराचा खरा मेलबॉक्सच चोराच्या हातात असतो. अशा फसवणुकीत २०२३ या एका वर्षात एफबीआयकडे २९० कोटी डॉलरच्या नुकसानीची नोंद झाली. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही: २०१३ ते २०१५ दरम्यान लिथुएनियाच्या एका माणसाने एका आशियाई हार्डवेअर कंपनीच्या नावासारखीच कंपनी लॅटव्हियात नोंदवून गूगल आणि फेसबुककडून दहा कोटी डॉलरहून जास्त उकळले, ते खोटी बिलं पाठवूनच.

आपल्या डोमेनच्या, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या, नावाने दुसऱ्याला मेल पाठवता येऊ नये म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करता येतात. कितीतरी कंपन्या डीमार्क लावतात आणि धोरण ‘फक्त पाहा’वरच सोडून देतात, अहवाल वाचून महिना-दोन महिन्यांत ते ‘नाकारा’पर्यंत न्यायचं असतं. तरी लक्षात ठेवायचं की मिळत्याजुळत्या दुसऱ्या डोमेनला आणि फोडलेल्या खऱ्या मेलबॉक्सला या नोंदी काही करू शकत नाहीत. आवाज आणि चेहरा यांचाही भरवसा उरला नाही. २०२४ च्या सुरुवातीला अॅरप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपल्या वित्तप्रमुखाला आणि सहकाऱ्यांना ‘पाहिलं’, आणि सांगितल्याप्रमाणे १५ वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाच खात्यांत पाठवले. कॉलवरचे बाकीचे सगळे बनावट होते.

म्हणून खातं बदलण्याच्या प्रत्येक विनंतीला एकच रीत लावायची, ती कितीही घाईची असो आणि कुणाच्याही सहीने आलेली असो. मेलला उत्तर द्यायचं नाही. मेलमधल्या नंबरावर फोन करायचा नाही. जुन्या करारावरचा किंवा गेल्या वर्षीच्या बिलावरचा नंबर काढून आपण होऊन फोन लावायचा, ज्याच्याशी नेहमी व्यवहार होतो त्याच माणसाशी बोलायचं, आणि फाइलवर तारीख, वेळ आणि बोललेल्याचं नाव लिहायचं. खाते क्रमांक आपण वाचून दाखवून ‘बरोबर ना?’ असं विचारायचं नाही. त्यांनाच सांगू द्यायचा. नोंद एकाने करायची, पैसे दुसऱ्याने सोडायचे. मोठी रक्कम असेल तर काही जण आधी थोडे पैसे पाठवून बघतात, आणि ‘मिळाले का’ असं मेलवरच विचारतात. मिळाले, असं उत्तर अर्थातच येतं. चोराला ते खरोखर मिळालेले असतात. त्याऐवजी काहीतरी आडनिडी रक्कम पाठवायची, ती कुठेही लिहून कळवायची नाही, आणि त्याच जुन्या नंबरावर पुन्हा फोन करून विचारायचं: तुमच्या खात्यात आत्ता नेमके किती जमा झाले?